ड्रेसाजचा घोडा ऐकत नाही? आधी खूर उचला

जुलै २०२४. पॅरिस ऑलिम्पिक तोंडावर आलेले असताना ड्रेसाज, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घेण्याच्या खेळातली ब्रिटनची घोडेस्वार शार्लट डुजार्डिन हिने स्पर्धेतून माघार घेतली. सहा ऑलिम्पिक पदके नावावर असलेली ही स्वार एका शिकवणीत जमिनीवर उभी राहून, दुसऱ्या स्वाराच्या घोड्याच्या पायांवर लांब चाबकाचे फटके मारताना दिसते, असा जुना व्हिडिओ बाहेर आला होता. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने, म्हणजे एफईआयने, तिला वर्षभरासाठी निलंबित केले. तेव्हापासून हा खेळ पहिल्यांदाच पाहणारेही एकच विचारतात: घोडा हे सगळे आपणहून करतो की माराच्या भीतीने?

शिक्षा आणि नियमांवर भरपूर बोलून झाले आहे. त्याच्या अलीकडचा प्रश्न मात्र मागे राहतो. सांगितलेली हालचाल घोड्याने केली नाही, तर का केली नाही? पागेत याची दोन उत्तरे मिळतात. एक, तो आळशी किंवा हट्टी आहे. दोन, त्याला कुठेतरी दुखते आहे. पहिले उत्तर खोगिरावर बसल्या बसल्या देता येते. दुसऱ्यासाठी खाली उतरून खूर हातात घ्यावा लागतो, म्हणून ते बहुतेक वेळा उशिरा सुचते.

ड्रेसाज म्हणजे २० मीटर रुंद आणि ६० मीटर लांब मैदानात ठरलेल्या क्रमाने करून दाखवायच्या चाली. प्रत्येक हालचालीला पंच ० ते १० गुण देतात. सर्वांत वरच्या पातळीला ग्रां प्री म्हणतात. तिथे पियाफ असते, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी केलेली दुडकी. पॅसाज असते, म्हणजे प्रत्येक पावलाला हवेत क्षणभर रेंगाळणारी दुडकी. आणि पिरुएट, म्हणजे कँटरमध्ये (दुडकीच्या पुढची, तीन ठोक्यांची चाल) मागच्या पायांभोवती घेतलेली गिरकी. हे करणारा प्राणी पाचशे-सहाशे किलोंचा, आणि पाठीवर माणूस.

### एका बोटावर उभा असलेला प्राणी

घोडा प्रत्येक पायाच्या फक्त मधल्या बोटावर उभा असतो. खूर हे त्या बोटाचे नख, पण ते बोटाच्या टोकाला पुढून आणि दोन्ही बाजूंनी वेढून असते. आत खुराचे मुख्य हाड असते. त्याच्या मागे नेव्हिक्युलर नावाचे छोटे, होडीच्या आकाराचे हाड असते. या छोट्या हाडावरून एक जाड कंडरा खाली येते आणि मुख्य हाडाला तळातून जोडली जाते. स्नायूला हाडाशी जोडते ती कंडरा, आणि हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध. हे दोन शब्द पुढे पुन्हा लागतील.

ज्याचे बहुतेकांना आश्चर्य वाटते ती गोष्ट अशी की आतले हाड तळव्यावर टेकून बसलेले नसते. खुराच्या भिंतीच्या आतल्या बाजूला साडेपाचशे ते सहाशे उभे, पातळ पापुद्रे असतात. प्रत्येक पापुद्र्याला आणखी बारीक पापुद्रे फुटलेले असतात. हाडाकडून आलेले तसेच पापुद्रे त्यांच्यात गुंतलेले असतात आणि या गुंत्यावर हाड भिंतीला टांगलेले असते. या पापुद्र्यांना लॅमिनी म्हणतात. घोड्याचे जवळजवळ सगळे वजन या टांगणीवर असते.

खूर उलटा करून पाहिला तर बाहेरच्या कडेला भिंत, तिच्या आत फिकट पिवळसर ‘पांढरी रेषा’, मग तळवा आणि मागच्या अर्ध्या भागात पाचरीच्या आकाराचा, रबरासारखा फ्रॉग दिसतो. टाच जमिनीला लागते तेव्हा खुराचा मागचा भाग किंचित फाकतो, फ्रॉगच्या वरची मऊ गादी दबते आणि धक्का तिथे मुरतो. म्हणून मागचा भाग मोकळा राहणे महत्त्वाचे असते.

भिंत वाढते ती वरून, केसांची रेषा संपते त्या कडेपासून. महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर. समोरच्या टोकाला वरून जमिनीपर्यंत यायला ९ ते १२ महिने लागतात. टाचेला साधारण निम्मा वेळ पुरतो. खुरावरच्या आडव्या कड्या वाचता येतात. कड्यांमधले अंतर सगळीकडे सारखे असेल तर आहार किंवा ऋतू बदलल्याची ती खूण. अंतर पुढे कमी आणि टाचेकडे जास्त असेल तर लॅमिनी सुजण्याचा आजार पूर्वी होऊन गेला असल्याची दाट शक्यता असते. घोडा विकत घेताना ही एक गोष्ट पाहिली तरी पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

### नालबंद आला की काय पाहायचे

काम करणाऱ्या घोड्याचे खूर दर ५ ते ६ आठवड्यांनी कापून समतोल करायचे असतात. नाल झिजली नाही, अजून घट्ट आहे, म्हणून तारीख पुढे ढकलणे ही सर्रास होणारी चूक आहे. नाल झिजत नसली तरी तिच्यावरचा खूर वाढतच असतो. नाल खिळलेली असते पुढच्या भागात, त्यामुळे वाढीबरोबर ती सगळीच पुढे सरकते. सहा आठवड्यांत टोक सेंटिमीटरभर लांबते. टाचेचा आधार मात्र पुढे निघून गेलेला असतो.

टोक लांबले की काय बिघडते? पाय जमिनीवरून उचलताना खूर टोकावरून कलंडतो. टोक जितके पुढे, तितका हा कलंडण्याचा क्षण उशिरा येतो आणि तोवर मागची कंडरा नेव्हिक्युलर हाडावर जास्त वेळ, जास्त जोराने दाबली जाते. पायापेक्षा चार बोटे लांब चप्पल घालून जिना चढून पाहा; पोटरीला जे जाणवेल तेच इथे प्रत्येक पावलाला होते. शिवाय टाचा हळूहळू पुढे झुकून चेपतात. टाचेचा कोन टोकाच्या कोनापेक्षा ५ अंशांहून अधिक कमी झाला की त्या टाचा खचल्या असे मानतात. खचलेल्या टाचा सरळ करायला एका भेटीत फार काही करता येत नाही. काही महिने, दर वेळी थोडे थोडे, असेच ते काम चालते.

मालकाला स्वतः तपासता येतील अशा चारच गोष्टी आहेत आणि त्यांना कोणतेही यंत्र लागत नाही. घोडा सपाट, कडक जागेवर चौकोनी उभा करावा. बाजूने पाहिल्यावर खुराच्या वरच्या तिरक्या भागाची, म्हणजे गामचीची, पुढची रेषा आणि खुराची पुढची रेषा एकमेकींना समांतर दिसायला हव्यात. रेषा खुराशी येऊन मागे मोडत असेल तर टोक लांब आणि टाच बुटकी आहे. मग पाय उचलून खुराच्या सर्वांत रुंद भागावर आडवी रेघ कल्पावी. तिच्या पुढचा आणि मागचा भाग जवळपास सारखा हवा, कारण आतल्या सांध्याचे केंद्र साधारण याच रेघेवर असते. मागून पाहून आतली आणि बाहेरची टाच एका उंचीवर आहे का ते बघावे. शेवटी घोडा चालवून खूर कसा टेकतो ते पाहावे: सपाट किंवा किंचित टाच आधी, हे ठीक. टोक आधी टेकत असेल तर तो टाच वाचवतो आहे.

दर भेटीच्या आधी आणि नंतर मोबाइल जमिनीला टेकवून, एकाच अंतरावरून खुराचा बाजूने फोटो काढून ठेवावा. डोळ्यांना रोजच्या सवयीने न दिसणारा बदल सहा महिन्यांचे फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतो, आणि नालबंदाशी बोलणेही वादाऐवजी फोटोवर होते.

### खिळा ठोकताना दुखत नाही?

पांढऱ्या रेषेच्या बाहेरची भिंत निर्जीव असते, आपल्या नखाच्या वाढलेल्या कडेसारखी. खिळा तिथूनच आत जातो आणि भिंतीच्या खालच्या एक तृतीयांश उंचीवर बाहेर येतो. बाहेर आलेले टोक मोडून उरलेला भाग भिंतीवर वळवून बसवतात. खिळे खुराच्या सर्वांत रुंद भागाच्या पुढेच असावेत. मागे मारले तर टाच फाकायची थांबते.

चूक होते ती दोन प्रकारे. खिळा थेट जिवंत भागात घुसला तर घोडा त्याच क्षणी पाय हिसकावतो आणि खिळ्यावर रक्त दिसते. दुसरा प्रकार फसवा आहे. खिळा जिवंत भागाला लागत नाही, पण इतका जवळून जातो की दाब पडतो, आणि घोडा एक-दोन दिवसांनी लंगडू लागतो. नाल ठोकल्यानंतरच्या चार-पाच दिवसांतल्या लंगडण्यात पहिला संशय खिळ्यावरच घ्यावा. खिळा काढायचा, छिद्र निर्जंतुक करायचे, आणि धनुर्वाताची लस चालू आहे ना ते तपासायचे. घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो.

### रानातले घोडे अनवाणीच असतात, मग नाल कशाला?

प्रश्न रास्त आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये स्वीडनच्या पेडर फ्रेड्रिकसनने ऑल इन या घोड्यावर उडीच्या वैयक्तिक प्रकारात रौप्यपदक जिंकले तेव्हा घोड्याच्या पायात नाल नव्हती. तेव्हा वरच्या पातळीवर नालेशिवाय भागतच नाही, असे म्हणता येत नाही.

पण रानातला घोडा दिवसभर वेगवेगळ्या जमिनीवर चालतो. खूर जितका वाढतो तितकाच झिजतो. तबेल्यातला घोडा दिवसाचे वीस-बावीस तास उभा राहतो आणि उरलेल्या वेळात वाळूवर वर्तुळे घेतो. वाळू भिंतीला घासते; कधी झीज वाढीपेक्षा जास्त होते, कधी एकाच बाजूला होते. तळवा पातळ असेल, टाचा खचलेल्या असतील, जुने दुखणे असेल तर नाल आधार देते. त्यातही प्रकार आहेत. पायाच्या मागचा अस्थिबंध दुखावला असेल तर पुढे रुंद आणि टाचेकडे अरुंद नाल मऊ जमिनीत टाच थोडी खाली जाऊ देते आणि त्या अस्थिबंधाचा ताण उतरवते. नेव्हिक्युलरच्या दुखण्यात नेमके उलटे, टाचेला रुंद आधार देणारी नाल लागते. एकासाठीची नाल दुसऱ्याला घातली तर दुखणे वाढते. त्यामुळे ‘अमक्याच्या घोड्याला हीच मानवली’ या सल्ल्याला काही अर्थ नाही. आधी निदान, मग नाल.

अनवाणी ठेवायचेच असेल तर नाल काढून दुसऱ्या दिवशी नेहमीचे काम सुरू करू नये. तळवा जाड व्हायला आणि खिळ्यांच्या छिद्रांचा भाग खाली सरकून कापला जायला काही महिने जातात. तोवर काम कमी, जमीन सौम्य आणि कापणी जास्त वेळा, थोडी थोडी.

### रोज पाच मिनिटे

खूर रोज दोनदा साफ करायचा, कामाआधी आणि कामानंतर. हुक टाचेकडून टोकाकडे चालवावा, म्हणजे तो फ्रॉगच्या खाचेत रुतत नाही. त्याच वेळी तळहात खुराच्या भिंतीवर ठेवून ऊब पाहावी आणि गामचीच्या मागे दोन्ही बाजूंना बोट टेकवून नाडी पाहावी. निरोगी पायात ती जेमतेम लागते. बोटाखाली ठणठण लागत असेल तर खुरात दाह आहे. चारही पायांची रोजची नाडी माहीत असलेला मोतद्दार हा पशुवैद्याच्या निम्म्या कामाचा माणूस असतो.

फ्रॉगच्या खाचेत काळा, दुर्गंधी येणारा चिकट द्रव दिसला तर तो थ्रश, म्हणजे फ्रॉगची सड. ओले, लघवीने भिजलेले अंथरूण आणि हवा न लागणारी खोल खाच, ही त्याची कारणे. जंतुनाशक लावून तो दबतो, पण अंथरूण ओलेच राहिले तर आठवड्यात परत येतो. टाचांच्या मधल्या खाचेत हुकाचे टोक खोल जात असेल आणि घोडा पाय ओढत असेल तर सड वरवरची उरलेली नाही.

काल नीट असलेला घोडा आज पाय टेकवतच नाही, खूर गरम, नाडी ठणठणीत: बहुतेक वेळा हा खुरातला गळू निघतो. दिसते भयंकर, पण पू बाहेर पडायला वाट मिळाली की बहुधा दिवस-दोन दिवसांत आराम पडतो. वाट करून देणे हे पशुवैद्याचे किंवा अनुभवी नालबंदाचे काम आहे. अंदाजाने तळवा खरवडू नये.

लॅमिनायटिस, म्हणजे लॅमिनी सुजण्याचा आजार, मात्र खरी आणीबाणी आहे. घोडा पुढचे पाय पुढे टाकून मागे रेलून उभा राहतो, वळायला नको म्हणतो, दोन्ही पुढच्या खुरांची नाडी जोरात लागते. लॅमिनी सैल पडल्या की आतले हाड फिरते किंवा खाली बसते, आणि ते पूर्ववत करणे अवघड असते. दाण्याच्या पोत्यात तोंड घालून पोटभर खाल्ले, रक्तात इन्सुलिन सतत जास्त राहिले, किंवा एक पाय दुखतो म्हणून दुसऱ्यावर अनेक दिवस भार राहिला, तर हे होऊ शकते. पशुवैद्य येईपर्यंत घोडा चालवायचा नाही, मऊ अंथरुणावर ठेवायचा आणि खूर व त्याच्या वरचा भाग सतत बर्फाच्या पाण्यात ठेवायचा. ‘थोडा फिरवला की मोकळा होईल’ हा सल्ला इथे घातक आहे.

आहाराबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, कारण बाजारात त्यावर गरजेपेक्षा जास्त सांगितले जाते. ५०० किलोच्या घोड्याला रोज किमान साडेसात किलो कोरडा चारा, आणि दाणा एका वेळी दोन किलोंच्या आत. ठिसूळ खुरांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) द्यायचे तर रोज १५ ते २० मिलिग्रॅम, तेही नऊ महिने ते वर्षभर, कारण सुधारते ते नवे खूर. जुने खूर तसेच राहते. महिन्याभरात चमत्कार दाखवणारी बाटली तेल आणि चकाकी दाखवते.

### लंगडणे डोळ्यांना दिसते कसे?

पायाने धड असलेल्या घोड्याला पागेच्या भाषेत ‘साउंड’ म्हणतात. मोठ्या स्पर्धेआधी घोडे कडक, सपाट पट्टीवर हातात धरून दुडकी पळवतात आणि पंच व पशुवैद्य पाहतात. प्रेक्षकाला सगळे सारखेच दिसतात, तरी एखादा बाद होतो.

दुडकीच का? कारण तिच्यात तिरक्या पायांची जोडी (एक पुढचा आणि विरुद्ध बाजूचा मागचा) एकत्र टेकते, दोन ठोके, दोन्ही बाजू एकसारख्या. त्यामुळे फरक असला तर उठून दिसतो. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा डोके वर करतो आणि बऱ्या पायावर खाली आणतो. मागचा दुखत असेल तर ढुंगणाच्या दोन हाडांची वर-खाली हालचाल असमान होते. शेपटीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे तुकडे लावून मागून व्हिडिओ काढला तर नवख्यालाही ते कळते. कान दुसरी मदत करतात: कडक जमिनीवर ठोके एकसारखे ऐकू येतात की एक हलका पडतो?

दोन्ही पाय सारखेच दुखत असतील तर डोके हलतच नाही. घोडा फक्त तोकडी पावले टाकतो, वळणावर अडखळतो, ‘पुढे जात नाही’. मग त्याला आळशी म्हणतात. नंतर पशुवैद्य एका खुराच्या मागची नस तात्पुरती बधिर करतो आणि घोडा अचानक दुसऱ्या पायाने लंगडू लागतो. तेव्हा कळते की आळस दोन्ही पायांत होता.

### उड्या नाहीत, मग इजा कसली?

ड्रेसाजमध्ये हाडे मोडण्याचे प्रसंग क्वचित येतात. इथली इजा हळूहळू साचते. वरच्या पातळीच्या घोड्यांमध्ये सर्वांत ओळखीची म्हणजे मागच्या पायातल्या सस्पेन्सरी अस्थिबंधाची. हा अस्थिबंध हॉक (मागच्या पायाचा मधला सांधा) आणि गामची यांच्यातल्या लांब हाडाच्या मागून जातो आणि खालचा सांधा जमिनीकडे बसताना त्याला तोलून धरतो. पॅसाज, पियाफ, पिरुएट यांत मागचा पाय जास्त वाकलेल्या अवस्थेत जास्त वेळ भार घेतो, आणि हाच सांधा वारंवार खोल बसतो. भार मागे सरकतो म्हणजे पुढचे पाय मोकळे होतात असेही नाही. पॅसाजमध्येसुद्धा मोठा वाटा पुढच्या पायांकडेच असतो; मागे सरकतो तो काही टक्के. तेवढ्याने चाल पालटते, आणि तेवढ्याने ताणही.

जमिनीचा यात मोठा हात आहे. वाळू खोल असेल तर कंडरा आणि अस्थिबंध थकतात. कडक असेल तर हाडे आणि सांधे. खूर टेकल्यावर किंचित घसरतो आणि त्या घसरण्यात धक्का विरतो, म्हणून जास्त पकड धरणारी जमीनही वाईट. आणि या सगळ्यांपेक्षा वाईट म्हणजे ठिकठिकाणी वेगळी असलेली जमीन: कडेला दाबून टणक झालेला मार्ग, कोपऱ्यात ढीग, मध्ये ओलावा. मैदान रोज ओढून सारखे करणे आणि समप्रमाणात पाणी मारणे यात कौशल्य फारसे नाही, पण ते टाळले तर कोणतीही भारी नाल उपयोगी पडत नाही.

### शिकवणीत घाई कुठे नडते

काही आठवड्यांच्या नियमित कामाने घोड्याचा दम वाढतो. स्नायूंना काही महिने लागतात. हाडे, कंडरा व अस्थिबंध त्याहून सावकाश घट्ट होतात, ते सर्वांत मागे राहतात. घोडा दमत नाही, अंगाने भरला आहे, उत्साही आहे, म्हणून स्वार काम वाढवतो. अस्थिबंध अजून मागच्या हंगामातच असतो. बहुतेक इजांचे मूळ या अंतरात आहे. पाठीच्या मणक्यांची वाढ पाच वर्षांच्या पुढेही चालू असते, आणि ग्रां प्रीसाठी एफईआयने घोड्याचे किमान वय ८ वर्षे ठेवले आहे, ते उगाच नाही.

जर्मन घोडदळाच्या परंपरेतून आलेला शिकवणीचा क्रम जगभर मानला जातो: आधी लय, मग सैलपणा, मग लगामाशी स्थिर संपर्क, मग मागून येणारा जोर, मग सरळपणा, आणि शेवटी कलेक्शन, म्हणजे घोड्याने मागचे पाय खाली घेऊन स्वतःला एकवटणे. सरळपणा कलेक्शनच्या आधी का, हे पायांच्या हिशेबाने कळते. वाकडा चालणारा घोडा एका मागच्या पायावर सतत जास्त भार टाकतो. तशाच वाकडेपणात कलेक्शन मागितले तर तो जास्तीचा भार अनेक पटींनी त्याच पायाला मिळतो.

रोजच्या कामात याचा अर्थ असा. सुरुवातीची १० ते १५ मिनिटे लांब लगामावर चालणे. तबेल्यात उभा असलेला घोडा असेल तर वीसही चालतील. मग मोठ्या वर्तुळांवर दुडकी आणि कँटर, दर काही मिनिटांनी दिशा बदलून. १० मीटरचे वर्तुळ आणि बाजूला सरकण्याच्या चाली शरीर तापल्यावरच. कलेक्शन तुकड्या-तुकड्यांत: नवशिक्या घोड्याकडून पियाफची तीन-चार पावले मिळाली की लगाम सैल, चालणे, शाबासकी. पाचवे पाऊल ओढून काढले तर ते खराबच येते, आणि घोड्याला शिकवले जाते तेही तेच. शेवटी पुन्हा १० मिनिटे चालणे. आठवड्यात चार दिवस मैदान पुरे. एक-दोन दिवस सरळ वाटेने, शक्य तर चढावर, आणि एक दिवस मोकळे सोडणे. लहान वर्तुळात दोरीवर पळवणे हा व्यायाम म्हणून फार वापरला जातो, पण पायांना तो महाग पडतो. २० मीटर व्यास, २० मिनिटांच्या आत.

मान छातीकडे ओढून धरून काम करणे हा वेगळा वाद आहे. बळाने मान वाकवण्याला एफईआयने २०१० मध्येच अमान्य ठरवले. पायांच्या दृष्टीने इतकेच: मान बांधली की पाठ ताठते, पाठ ताठली की मागचा पाय आत येत नाही, आणि मग तो आणण्यासाठी चाबूक निघतो.

### पण काही घोडे खरेच हट्टी असतात ना?

असतात. शिकवण चुकल्यामुळे गोंधळलेले त्याहून जास्त असतात. तरीही क्रम ठरलेला हवा, कारण दुखणे आधी वगळता येते, हट्ट वगळता येत नाही. यासाठी ब्रिटिश पशुवैद्य सू डायसन आणि सहकाऱ्यांनी स्वार पाठीवर असताना दिसणाऱ्या २४ वर्तनांची यादी तयार केली: कान सतत मागे, तोंड वारंवार उघडणे, शेपटी फटकारणे, डोके तिरके धरणे, मागच्या पायांचे टोक घासणे, कँटर तुटणे, वगैरे. यांतली ८ किंवा अधिक दिसली तर हाडे, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असण्याची शक्यता बरीच वाढते. एखादे लक्षण कोणत्याही घोड्यात दिसेल. मोजायचा आहे तो आकडा.

मग तपासणीचा क्रम: खूर आणि नाल, नाडी, कडक जमिनीवर दुडकी, पाठ दाबून पाहणे, खोगीर (घोड्याचे अंग भरले की काल बसणारे आज चिमटते), तंग, दात आणि तोंडातली कडी, आणि जठरातले व्रण. यातून काही निघाले नाही तर स्वाराने स्वतःचा व्हिडिओ पाहावा. वाकडे बसणारा स्वारही घोड्याला वाकडे चालवतो.

### दुखणे औषधाने दाबून स्पर्धा खेळता येत नाही का?

एफईआयच्या स्पर्धेत वेदनाशामकाचा अंश सापडला तर कारवाई होते, आणि पायाची संवेदना घालवलेल्या घोड्याला उतरवता येत नाही. कारण फक्त न्यायाचे नाही. दुखऱ्या पायावरचा भार घोडा स्वतःहून कमी करतो. हे संरक्षण काढून घेतले तर ताणलेला अस्थिबंध फाटतो.

सस्पेन्सरी दुखावलेल्या घोड्याचे पुनरागमन कंटाळवाणे असते. सुरुवातीचे काही आठवडे फक्त हातात धरून चालवणे, दिवसातून दोनदा, दहा मिनिटांपासून. मग पाठीवरून चालणे, सरळ रेषेत, टणक पण सपाट जमिनीवर. दुडकी साधारण तीन महिन्यांनी, पाच मिनिटांनी सुरू, आणि दर पायरीला अल्ट्रासाउंड. घोडा साउंड दिसतो एवढ्यावर पुढची पायरी देऊ नये, कारण दुखणे थांबते तेव्हा तंतू जुळून झालेले नसतात. कँटर त्यानंतर. वर्तुळे, बाजूच्या चाली आणि कलेक्शन सर्वांत शेवटी. पूर्ण कामावर यायला सहा महिने ते वर्ष धरावे. या काळात नालबंदाची तारीख चुकवायची नाही, उलट पाच आठवड्यांवर आणायची: घोडा उभा असला तरी खूर वाढतोच, आणि लांबलेल्या टोकाने बरा होत आलेला अस्थिबंध पुन्हा ताणला गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.